सानगडी परिसरातील आदिवासी वारसा : इयत्ता चौथी व पाचवीसाठी परिसर-पाठ

इयत्ता चौथीच्या वर्गात किल्ल्यांची नावे विचारली, तर सानगडीचा मुलगा शिवनेरी, तोरणा, राजगड, प्रतापगड ही नावे न अडखळता सांगतो. पाठ्यपुस्तकाने आपले काम चोख केलेले असते. परंतु त्याच्या स्वतःच्या गावाजवळ टेकडीवर जो किल्ला उभा आहे, ज्यास सहानगड असेही म्हणतात, त्याविषयी प्रश्न केला की वर्ग गप्प होतो. प्रतापगड म्हटल्यावर त्यास साताऱ्याकडील प्रतापगड आठवतो. त्याच नावाचा दुसरा एक गड अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, म्हणजे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या मुलखात आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेस त्याच्या घरची माणसे तेथे जाऊनही आलेली असतात. तरी तो गड त्याच्या लेखी पुस्तकातला नसतो, आणि जे पुस्तकात नाही ते शाळेत सांगावयाचे नसते, अशी त्याची समजूत झालेली असते.

या समजुतीचा सर्वांत मोठा फटका वर्गातील आदिवासी मुलास बसतो. गोंड अथवा हलबा घरातील मुलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. आजीकडून ऐकलेली गोष्ट असते, झाडांची नावे असतात, देवाच्या ठाण्याची वाट त्यास ठाऊक असते. ही शिदोरी शाळेच्या फाटकाशी ठेवून आत यावयाचे असते, हे तो पहिलीतच शिकतो. मग वर्षातून दोनदा, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनी आणि २०२१ पासून साजऱ्या होणाऱ्या १५ नोव्हेंबरच्या जनजातीय गौरव दिनी, त्यास पिसांचा मुकुट घालून व्यासपीठावर नाचविले जाते. तो मुकुट त्याच्या आजोबांनी कधी घातलेला नसतो. टाळ्या पडतात, छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मागच्या रांगेत गप्प बसतो. प्रस्तुत पाठाचा हेतू हा क्रम उलटा करण्याचा आहे. आदिवासी मूल पाहण्याची वस्तू न होता सांगणारे व्हावे, आणि सर्व वर्गाने विचारणारे व्हावे.

शिक्षकाची पूर्वतयारी

मुलांस बाहेर नेण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः थोडा इतिहास नीट वाचून घ्यावा. गोंडांची चार राज्ये प्रसिद्ध आहेत : गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा. देवगडचा राजा बख्तबुलंद याने १७०२ मध्ये नागपूर वसविले. ज्या शहराकडे झाडीपट्टीचा माणूस मोठा दवाखाना, मोठी कचेरी आणि मोठे महाविद्यालय म्हणून पाहतो, ते एका गोंड राजाने वसविले आहे, हे एक वाक्य वर्गात स्पष्ट उच्चारले तरी काही मुलांच्या माना वर होतात. तुमसरजवळचा अंबागड याच राजवटीतला. तो बख्तबुलंदाचा सुभेदार राजाखान पठाण याने बांधला. गोंड राजा आणि पठाण सुभेदार, ही जोडी मुलांस नवलाची वाटेल. वाटू द्यावी. पुढे देवगडच्या घराण्यातील कलहात रघूजी भोसले यांनी मध्यस्थी केली आणि १७४३ मध्ये नागपूरची सत्ता आपल्या हाती घेतली. १७५१ मध्ये चांद्याचे राज्यही भोसल्यांकडे गेले.

पुस्तकांपैकी रसेल यांनी संपादिलेले १९०८ चे भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर, तसेच रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ, हे जुने आधार होत. त्यांत माहिती विपुल आहे, परंतु ती राज्यकर्त्याच्या नजरेने टिपलेली आहे. आदिवासींविषयी त्यांत येणारी विशेषणे वर्गात जशीच्या तशी वाचून दाखवू नयेत. दुसऱ्या बाजूस डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्यासारख्या गोंड समाजातीलच अभ्यासकाने केलेले लेखन आहे. दोन्ही वाचावे, आणि कोणता मजकूर कागदपत्रांवर उभा आहे व कोणता परंपरेवर, याची खूणगाठ मनाशी बांधावी.

गडावर

पहिली सहल पाऊस उघडल्यावर, गवत वाळण्यापूर्वी काढावी. मुलांस गडावर नेऊन व्याख्यान देण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. प्रथम त्यांना पाहू द्यावे. तटाचे दगड घडीव आहेत की अनघड, त्यांच्या सांध्यांत चुना आहे की नाही, कोणत्या बाजूची चढण सोपी व कोणत्या बाजूची अवघड, शत्रू आला असता कोठून दिसला असता, वर राहणाऱ्यास पाणी कोठून मिळाले असेल, हे प्रश्न चौथीच्या मुलास पुरेसे आहेत. त्याने पावलांनी अंतर मोजावे व कागदावर नकाशा काढावा. नकाशा वाकडा आला तरी चालेल.

नंतर सावलीस बसून विचारावे : हा गड कोणी बांधला म्हणून तुमच्या घरी सांगतात? एक मूल गोंड राजाचे नाव घेईल, दुसरे भोसल्यांचे, तिसरे एखाद्या राक्षसाचे, ज्याने तो एका रात्रीत रचला. शिक्षकाने यांपैकी कोणासही चूक म्हणू नये. फळ्याऐवजी मोठ्या कागदावर तिन्ही उत्तरे लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते कोणी सांगितले हे नोंदवावे : 'आजोबांनी सांगितले', 'गुराख्याने सांगितले'. ऐकलेले, पाहिलेले आणि वाचलेले असे तीन रकाने मुलांच्या वहीत कायमचे आखलेले असावेत. इतिहासाच्या अभ्यासाची पहिली शिस्त या तीन रकान्यांत आहे. ती ज्यास दहाव्या वर्षी लागली, तो पुढे कोणाच्याही ऐकीव गोष्टीने सहसा भडकत नाही.

गडावरून एकही दगड, वीट अथवा खापर मुलांनी घरी आणू नये. गुप्तधनाच्या आशेने जुन्या वास्तूंत खड्डे खणण्याची खोड सर्वत्र आहे, आणि मुले मोठ्यांचेच अनुकरण करतात. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांस कळविले पाहिजे, असा भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा दंडक आहे. एखाद्या मुलास जुने नाणे सापडलेच, तर मुख्याध्यापकांनी ते तहसील कार्यालयास कळवावे आणि ती लिहिलेली चिठ्ठी वर्गास वाचून दाखवावी. त्या चिठ्ठीतून नागरिकशास्त्राचा एक धडा आपोआप होतो.

टेकडीच्या माथ्यावरून धानाच्या बांध्या, तलाव आणि बोड्या मुलांच्या दृष्टीस आणाव्यात. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि तलाव बांधण्याच्या विद्येत कोहळी समाजाचे नाव सर्वांत मोठे आहे. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. तेथे लोक त्यांस कोलासूर म्हणून पूजितात. मग यात आदिवासी वारसा कोणता, असे कोणी विचारील. परंपरा अशी सांगते की, गोंड राजांनीच कोहळ्यांस या झाडीत आणून वसविले, आणि जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे. म्हणजे राजाज्ञा एकाची, कसब दुसऱ्याचे, मातीची टोपली अनेकांच्या डोक्यावर, आणि त्या पाण्यातील मासळीची जाण ढिवरांची. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली, आणि हे तलाव 'माजी मालगुजारी', म्हणून थोडक्यात 'मामा तलाव' झाले. मामा कोणाचा, म्हणून मुले हमखास हसतात. त्या हशातच उत्तर सांगून टाकावे.

घरी विचारावयाचे प्रश्न

येथे सर्वांत अधिक जपावयाचे आहे. 'तुझी जात कोणती' हा प्रश्न या पाठात कोठेही येता कामा नये. आडनावावरून तर्कही करू नये. उईके, मडावी, टेकाम, कुंभरे, सलामे ही आडनावे गोंड घरांत आढळतात हे खरे. परंतु मेश्राम हे आडनाव गोंडांत आहे तसे बौद्ध घरांतही आहे. शिक्षकाने भर वर्गात एखाद्याकडे बोट दाखवून 'तू आदिवासी ना, मग सांग' असे म्हटले, की पाठ तेथेच बुडाला. मूल लाजते, आणि एकदा लाजलेले मूल त्या विषयावर वर्षभर बोलत नाही.

उपाय सोपा आहे. प्रश्न सर्वांस सारखेच द्यावेत. गोंड, हलबा, कोहळी, कुणबी, ढिवर, गोवारी, बौद्ध अशा सर्व घरांतील मुलांनी तेच प्रश्न आपापल्या घरी विचारावेत. आपल्या घरात कोणते झाड तोडत नाहीत? कोणता प्राणी अथवा पक्षी मारत नाहीत? धान पिकले नाही त्या वर्षी आजीच्या लहानपणी काय खात असत? दिवाळीनंतरच्या मंडईत ढाल कोण काढतात, आणि ती उभारताना काय करतात? आजीच्या हातावर काय गोंदलेले आहे, आणि ते तिने का गोंदवून घेतले? असे पाचसात प्रश्न पुरेत. त्याहून अधिक दिले तर मुले घरच्यांस न विचारता एकमेकांची उत्तरे उतरवून आणतात, हे शिक्षकांस सांगण्याची गरज नाही.

उत्तरे आली की वर्गाचे चित्र पालटते. झाडाच्या प्रश्नास एखादे मूल 'साजा' असे उत्तर आणील. साजा म्हणजे ऐन. गोंड समाजात बडादेवाचे, म्हणजेच परसापेनाचे, ठाणे साजाच्या झाडाखाली मानतात. प्राणी-पक्ष्यांच्या प्रश्नातून त्याहून मोठी गोष्ट निघते. गोंडांच्या कुळांची विभागणी देवांच्या संख्येवर असते : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. समान देव मानणारी कुळे भाऊबंद ठरतात व त्यांच्यात सोयरीक होत नाही. कुळाकुळास आपले राखलेले झाड, प्राणी वा पक्षी असतो. त्यास इजा करावयाची नसते. पाचवीच्या परिसर-अभ्यासात वन्यजीवांच्या रक्षणाचा धडा शिकविताना दूरच्या देशाचा दाखला देणाऱ्या शिक्षकाच्या समोरच्याच बाकावर असा नियम पाळणारे मूल बसलेले असू शकते. गोंदणाचा प्रश्न बहुधा मुलींस अधिक साधतो. मरताना बाकी सर्व दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी समजूत अनेक समाजांतील वृद्ध स्त्रिया सांगतात. तेव्हा ही गोष्ट केवळ एकाच घराची नव्हे, हेही मुलांच्या ध्यानात येते.

भाषेविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या देशात सुमारे २९ लाख ८४ हजार होती. भंडाऱ्याकडील गोंड मुलांच्या तोंडी मात्र बहुतेक झाडीबोली असते, आणि गोंडी राहते ती आजीच्या गाण्यांत, देवाच्या प्रार्थनेत, काही थोड्या शब्दांत. पाण्यास 'येर', घरास 'रोन', देवास 'पेन'. एक ते चार हे आकडे 'उंदी, रंड, मूंद, नालूंग' असे आहेत. तेलुगूत तीनास 'मूडु' व चारास 'नालुगु' म्हणतात. ते फळ्यावर शेजारी लिहिले, की गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे हे मुले स्वतःच ओळखतात. ज्या मुलाच्या आजीने हे आकडे सांगितले, त्यानेच ते वर्गाकडून म्हणवून घ्यावेत. गणिताच्या तासास पाच मिनिटे उशीर झाला तरी हरकत नाही.

झाडीबोलीचेही असेच. तीत 'ण' व 'ळ' नाहीत. 'पाणी'चे 'पानी' होते, 'डोळा'चा 'डोरा' होतो. साकोली परिसरातील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासास आपले आयुष्य वाहिले, आणि तिचे नियम आहेत हे दाखवून दिले. शिक्षकाची लाल शाई 'पानी' दिसताच आपोआप पुढे सरसावते. इतर वह्यांत ती जरूर चालवावी. प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे कामच आहे. मात्र या एका वहीत सांगणाऱ्याचा शब्द जसा आला तसा राहू द्यावा. आजीचे बोलणे शुद्ध करून लिहिले, तर ते आजीचे राहत नाही.

आदिवासी मुलास त्याच्या भाषेतून शिकविण्याचा प्रयत्न काही नवा नव्हे. हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई या गोंड खेड्यात १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे नागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली, आणि त्यांत गोंडांच्याच कथा होत्या. अलीकडे २०१९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा स्वतः उभी केली. सानगडीच्या शाळेने एवढे मोठे पाऊल उचलावे असे कोणी म्हणत नाही. वर्गाच्या भिंतीवर मराठी व इंग्रजी आकड्यांशेजारी गोंडी आकड्यांचा एक तक्ता लागला, तरी सुरुवात झाली.

वडीलधाऱ्यांस बोलावताना

घरांतून उत्तरे आल्यावर ज्यांनी ती दिली त्यांच्यापैकी एकदोघांस शाळेत पाचारण करावे. त्यांस सकाळी अकरा वाजता बोलावणे म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी बुडविणे होय. रोवणी व कापणीच्या दिवसांत तर बोलावूच नये. संध्याकाळची वेळ ठरवावी, अथवा मुलांनीच त्यांच्या अंगणात जावे. पाहुण्यास शिक्षकाच्या बरोबरीची खुर्ची द्यावी. त्यांचे बोलणे चालू असता मध्येच 'म्हणजे ही अंधश्रद्धा' असा शेरा शिक्षकाने मारू नये. पटले नाही तर दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा करावयास वेळ आहेच.

देवाच्या ठाण्याविषयी नियम कडक ठेवावा. पेनठाण्याकडे मुलांस नेण्यापूर्वी भुमकाची व त्या कुळातील वडिलांची परवानगी घ्यावी. त्यांनी नाही म्हटले तर कारण न विचारता परत फिरावे. परवानगी मिळाली तरी छायाचित्र निराळे विचारून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील शाळांतही तेथील आदिवासींच्या वडीलधाऱ्या मंडळींस वर्गात बोलावण्याचा प्रघात आहे, आणि पवित्र स्थळाविषयी कोणास किती सांगावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्याच मंडळींचा मानला जातो. जे सांगितले नाही, तेही वारशाचाच भाग आहे. माघ पौर्णिमेस गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेशी गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. एखादे मूल दोन दिवस गैरहजर राहून तेथून परतले, तर त्याची अनुपस्थिती विचारण्यापूर्वी त्याने काय पाहिले ते विचारावे. सांगावेसे वाटले नाही तर आग्रह करू नये.

मोहाचे दिवस

मार्चअखेर व एप्रिलमध्ये हजेरीपट लाल होतो. मोह गळू लागतो, आणि तो पहाटे वेचावा लागतो. उन्ह चढल्यावर गुरे व जंगली जनावरे त्यात तोंड घालतात. मूल टोपली घेऊन आईबरोबर जाते व शाळेत उशिरा येते, अथवा येतच नाही. त्यास उभे करून शिक्षा करण्याने हजेरी वाढल्याचा अनुभव कोणत्याही केंद्रात नाही. त्याऐवजी या दिवसांत पहिला तास परिसराचा ठेवावा व उशिरा आलेल्यानेच तो सुरू करावा : आज किती पायल्या मोह आला, तो वाळल्यावर किती उरेल, बाजारात काय भाव आहे, घरात किती ठेवला. भागाकार व शेकडेवारी यांहून चांगल्या उदाहरणांवर शिकविता येत नाही.

मोहाचे नाव काढले की काही शिक्षकांस केवळ दारू आठवते, आणि वर्गात हशा पिकतो. त्या हशात एखाद्या मुलाचे घर हसण्यावारी जाते, हे ध्यानात ठेवावे. दारूचे दुष्परिणाम झाकावयाचे नाहीत. त्याची वेळ निराळी आहे. परंतु धान बुडाले त्या वर्षी वाळलेल्या मोहाने किती घरे तारली, हे आजीने सांगितलेले उत्तर मुलांच्या वहीत आधीच लिहिलेले असेल. तेच वाचावयास लावावे. पावसाळ्याच्या तोंडी याच झाडाच्या बियांचे, टोळीचे, तेल काढतात. झाडीबोलीत ती 'टोरी' होते, आणि 'ळ'चा नियम मुलांस पुन्हा एकदा भेटतो.

वर्षअखेरीस सर्व वह्यांतील निवडक मजकूर एका जाड वहीत उतरवावा. पानाच्या शिरोभागी सांगणाऱ्याचे नाव घालावयाचे की नाही, हे त्या व्यक्तीस विचारून ठरवावे. वही पुरी झाल्यावर ज्यांनी माहिती दिली त्यांच्या समोर ती मोठ्याने वाचावी. वाचावयास लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीचाच नातू उभा करावा. त्या जे चूक म्हणतील ते तेथेच दुरुस्त करावे, जे गाळा म्हणतील ते गाळावे. एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत ठेवावी. ज्या घरांतून अधिक मजकूर आला त्यांस त्यांची पाने उतरवून द्यावीत. शेवटची चारपाच पाने कोरी सोडून त्यांवर ज्या प्रश्नांची उत्तरे कोणाच्याच घरी मिळाली नाहीत ते लिहावेत. जूनमध्ये नवी चौथी तेथून आरंभ करील.